उसनी तहान

आमच्या घरात माणसं दोन अन् तहान एकच. तीही माझी.

गल्लीतल्या बायकांना हे सांगितलं की आधी हसायच्या, मग पदर तोंडाला लावून विचारायच्या, "म्हणजे कसं हो ताई?" मी सांगायची, "एका गॅसवर दोघांचा चहा होते ना, तसं." पण ते काही खरं नव्हतं. चहा अर्धा-अर्धा करता येतो. तहान उसनी दिली की ती देणाऱ्याचं काय काय सोबत घेऊन जाते, हे मला अख्खा उन्हाळा सरत आल्यावर कळलं. तोवर माझा नवरा हातचा जायची वेळ आली होती.

मी रत्नमाला गावंडे, मुक्काम अकोला. सगळी नोकरी कंडक्टर म्हणून उभ्याने केली. त्यामुळे आवाज मोठा, अन् कोणी दारात घोटाळलं की तोंडून आपसूक निघतं, "आत सरका, आत सरका, मागं जागा हाय." आमचे हे, भगवंत गावंडे, पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. फ्लेक्स आले, मग भिंतीवर झगमगणारे पडदे आले, तरी यांच्या हातचीच पाटी हवी म्हणणारी माणसं होतीच. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ब्रश धुताना तो हातातून पडला. यांना वाटलं, हात ओला आहे. उचलला, पुन्हा पडला. मग हेच पडले.

लकवा. उजवं अंग गेलं, बोलणं तुकड्यातुकड्यांनी राहिलं. व्यायामाने पाय जरा वळला, धरून चार पावलं टाकू लागले. चला, निभावलं, असं मी म्हणतच होते, तेवढ्यात फाल्गुन लागला अन् अकोल्याने आपला रंग दाखवायला सुरुवात केली.

आता आमच्याकडे उन्हाळा म्हणजे दुपारबंदी. सकाळचं ऊन चावायला लागलं की भोंगा होतो. मग दुकानं, कचेऱ्या, शाळा, गाड्या, सगळं बंद. कायदाच आहे. दिवस कलला की दुसरा भोंगा, अन् गाव डोळे चोळत उठतं.

त्या दुपारी मला आवडायच्या, खोटं कशाला बोलू. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, ताट्यांवर थेंब थेंब पाणी, खोलीभर हिरवट काळोख अन् ओल्या मुळांचा वास. कूलरची घरघर ऐकता ऐकता वेळ कुठे जायचा ते कळायचं नाही. दाराच्या फटीतून उन्हाची एक बारीक रेघ आत यायची अन् भिंतीवरून हळूहळू चालत जायची. हे खाटेवर पडून तिच्याकडे बघायचे. कधी कधी डावं बोट हवेत हलवून काहीतरी अक्षरं काढायचे. आपण दोघं कुठल्याशा तळ्याच्या तळाशी बसलोय अन् वर कुठेतरी गाव तापतंय, असं वाटायचं.

पण तळ्याच्या तळाशीसुद्धा आमची भांडणं पाण्यावरूनच.

यांना तहान लागायची नाही. पातळ पाणी घशातून चुकून फुप्फुसात उतरायचं, म्हणून डॉक्टरांनी पाणी घट्ट करायची पावडर दिली होती. ते पाणी म्हणजे नुसती खळ. तहान असती तर माणूस डोळे मिटून पिऊन टाकेल. तहानच नाही तर कशाला पिईल? मी ग्लास पुढे केला की यांचं तोंड भिंतीकडे.

"प्या ना हो. काहून जीव घेता माझा?"

"नको."

"दोनच घोट."

"नको, रत्ना."

बाकीचे शब्द लकव्याने नेले, 'नको' मात्र ठणठणीत ठेवला.

एका दुपारी यांचा उजवा हात ताटीखालून खिडकीच्या गजाला लागून राहिला. गज तव्यासारखा तापलेला, अन् हे शांत झोपलेले. तळव्याला टरारून फोड आला तो मी पाहिला, तेव्हा ओरडले मीच. दुसऱ्या भोंग्याची वाट पाहिली अन् यांना रिक्षात घालून डॉक्टर निखत काझींकडे नेलं.

निखत माझ्या मुलीच्या वयाची. बोलते गोड, पण लपवत काही नाही. तिने फोडाला मलम लावलं अन् खुर्ची माझ्यासमोर ओढली.

"काकू, तहान घशात लागत नाही. घसा कोरडा पडतो ते नंतर. रक्तातलं मीठ जरा वाढलं की मेंदूतल्या मूठभर पेशींना ते आधी कळतं. त्या हाक मारतात. मेंदूच्या आत एक घडी असते, तिथे ती हाक पोचली की आपल्याला वाटतं, पाणी हवं. काकांची ती वाट झटक्याने तुटली आहे. हाक होते, पण पोचत नाही. उजव्या अंगाचा घाम बिघडलाय, कातडीला ऊन कळत नाही. वरून रक्तदाबाची गोळी अंगातलं पाणी काढते. अशा हवेत एक दिवस जरी काका सुकले, तर रक्त घट्ट होईल. आणि दुसरा झटका पहिल्यासारखा सोडून देणार नाही."

"मग गजर लावते ना मी. दर तासाले पाजते."

"लावून पाहिलात ना? नको असताना पाजलं की ठसका लागतो. जास्त पाजलं तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही वाईट. शरीरात पाणी किती कमी आहे ते मला यंत्राने मोजता येतं, काकू. पण ते हवंसं वाटायला लावणं यंत्राला जमत नाही. तशी खोटी हाक मेंदूला देऊन पाहिली लोकांनी. दोन दिवसांत मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करतो. तुम्हाला तरी तुमच्या कूलरचा आवाज आता कुठे ऐकू येतो?"

"मग?"

"जिवंत माणसाची तहान मेंदू ओळखतो. ती श्वासागणिक कमी-जास्त होते, म्हणून त्याला खरी वाटते." तिने टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्या, बोटाच्या पेराएवढ्या, कातडीच्या रंगाच्या. "याला सोबती म्हणतात. एक पट्टी धडधाकट माणसाच्या कानामागे, ती ऐकते. दुसरी काकांच्या कानामागे, ती सांगते. एका घरात, एकाच उन्हात राहणारं माणूस हवं. त्याला तहान लागली की काकांना लागेल."

मी क्षणभरही थांबले नाही. "माझीच घ्या."

तिने मला खारे दाणे खायला दिले अन् थंडगार खोलीत बसवून ठेवलं. मी कितीतरी वर्षांनी अशी काही न करता बसले असेन. थोड्या वेळाने मस्त तहान लागली. निखतने पडद्यावरची उसळलेली रेघ दाखवली अन् म्हणाली, "उत्तम." मला पोरीने पहिला नंबर दिल्यासारखं वाटलं.

पहिले दिवस तर नुसते स्वप्नातले. आमची तनुजा पुण्याहून आली होती, स्वयंपाकपाणी, धुणीभांडी सगळं तिने अंगावर घेतलेलं. मी यांच्या खाटेशी लोळत पडलेली. डोळा लागायचा, उघडायचा, तहान लागायची. मी माठाकडे बघायच्या आत मागून आवाज यायचा, "मला पण." हे स्वतः मागायचे हो! ती खळ अशी प्यायचे, जणू काही उसाचा रस. पिऊन झालं की माझ्याकडे बघून ओठाच्या एका कोपऱ्याने हसायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या आतलं काही यांना न सांगता कळलंय, असं आधी कधी झालं नव्हतं. मला नव्या नवरीसारखी लाज वाटायची. तनुजा चिडवायची, "आई, तुमचं काय चाललंय?"

मग तनुजाची सुट्टी संपली, ती गेली. मी पदर खोचला.

पहाटे उठून ताट्या भिजवायच्या, यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, गोळ्या, मऊ भात, हाताचा व्यायाम, पुन्हा ताट्या. दिवसभर मी भोवऱ्यासारखी फिरायची. हे पाणी मागत नव्हते, पण माझ्या मनाला शंका शिवली नाही. मी म्हणायची, मले कुठं लागली तहान? मले नाही लागली म्हणजे त्यायलेही गरज नाही. यंत्र आहे ना कानामागे. संध्याकाळचा भोंगा झाला, कामं आवरली की मी माठापाशी बसून तांब्यावर तांब्या रिचवायची अन् हेही तेव्हाच ग्लासावर ग्लास मागायचे. मला वाटायचं, जोडी कशी छान जमली आहे.

चैत्र संपता संपता एक दुपार अशी आली की ताटीवर टाकलेलं पाणी खाली उतरायच्या आत सुकत होतं. मी यांची कूस बदलायला गेले तर अंग तापलेलं, ओठ पापुद्रे निघालेले, डोळे अर्धे उघडे अन् नजर भलतीकडेच. "अहो!" काही नाही. "अहो, माझ्याकडं पाहा ना!" यांनी ओठ हलवले, शब्द नाही आला. दुपारबंदीत फक्त ॲम्ब्युलन्स फिरते, ती येईपर्यंत मी ओली चादर यांच्या अंगावर टाकून देवाचं नाव घेत होते अन् मध्ये मध्ये त्याला शिव्याही घालत होते.

सलाईनच्या दोन बाटल्या गेल्या तेव्हा यांनी मला ओळखलं. झटका टळला होता, निखत म्हणाली, अगदी थोडक्यात. मग तिने पट्टीतली नोंद उघडली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझी रेघ सपाट. रोज. भोंगा झाला की एकदम उंच.

"काकू, तुम्हाला दिवसभर तहानच लागत नाही?"

"ड्युटीवर कोणाले लागते?"

बोलून गेले अन् मग आठवलं, मी तर कधीच रिटायर झालेली.

निखत हसली नाही. मीच सांगत सुटले मग. धारणीची गाडी, मेळघाटातला रस्ता, वाटेत बाईमाणसाला जायला जागा कुठली? सकाळी कपभर चहा, तो शेवटचा. गाडी लावून घरी आलं की मग पाणी. सगळ्याच बायका तसं करायच्या. आधी तहान मारायला लागायची, मग ती यायचीच बंद झाली. मला त्याचा अभिमान होता हो! भर वैशाखात घोटभर पाण्याशिवाय गाडी काढायची मी. पुरुष कंडक्टर बघत राहायचे.

"ती मेलेली नाही," निखत म्हणाली. "तुमच्या पेशी हाक मारतात. तुम्ही आतून कडी लावली आहे. कामाला लागलात की ती आपोआप लागते. आपण सोबती बदलूया."

सोबती बदलायचा म्हणजे कोण? शेजारचे दादाराव उगले धावून आले. या माणसाची खासियत म्हणजे सदा हातात पाण्याची बाटली. "वहिनी, माही घ्या ना. माह्यासारखी तहान अख्ख्या अकोल्यात कोणाची नसन. भगवंतराव माहा जिगरी दोस्त हाय." ते आमच्या ओसरीत पथारी टाकून राहिले, अन् खरंच, हे पाणी मागायला लागले. इतकं मागायला लागले की मी पावडर कालवता कालवता थकले. पण मागताना यांची नजर ओसरीकडे, दादारावांकडे. दोघं भिंतीच्या अल्याडपल्याड एकाच वेळी "पाणी!" म्हणायचे अन् एकाच वेळी खो-खो हसायचे. माझ्या जिवाचा नुसता जळफळाट. रांधायचं मी, पुसायचं मी, अन् तहान मात्र दादारावांची!

तेही टिकलं नाही. यांच्या पायावर सूज आली. निखतने दादारावांची नोंद बघितली, भुवया उंचावल्या अन् म्हणाली, "उगले काका, उद्या उपाशीपोटी रक्त तपासून घ्या." निघाली ना साखर! तीनशेच्या वर. हा बाप्पा आयुष्यभर आपल्या तहानेची फुशारकी मारत होता अन् तो निघाला आजार. दादाराव हिरमुसले, पण जाताना म्हणाले, "वहिनी, भगवंतच्या लकव्यानं माहा जीव वाचोला." बाटली मात्र घेऊन गेले.

राहिले पुन्हा मीच. निखत म्हणाली, "एक करता येईल. तुमची हाक बारीक आहे, पण आहे. मी पट्टीचा आवाज वाढवते. तुम्हाला जी ऐकू येत नाही, ती काकांना ऐकू येईल. मात्र आवाज वाढवला की खरखरही वाढते, काकू. मेंदूच्या त्या घडीत तहान एकटी राहत नाही. पोटातली कळ, लघवीची घाई, भीती, सगळ्या शेजारणी आहेत. कोणी सोबत आलं तर मला सांगा."

आवाज वाढवला. अन् आमच्या हिरव्या काळोखात कोणीतरी तिसरं येऊन राहिलं.

हे दुपारी डोळे मिटून पडलेले असायचे अन् एकदम ओठ चाटायचे. मी ग्लास घेऊन धावायची. यांचा हात ग्लासाकडे निघायचा, अन् अर्ध्यावर थबकायचा. मग हे दोन्ही पाय आवळून घ्यायचे, लकव्याचा पायसुद्धा, अन् दाराकडे बघायचे. "नको. नको." आधीचा 'नको' कंटाळ्याचा होता. हा घाबरलेल्या माणसाचा होता. तहान लागलेली मला दिसत होती, जीभ टाळूला चिकटत होती, तरी ग्लास ढकलायचे.

अन् मग ती स्वप्नं. झोप नाही, जाग नाही, मधलंच काहीतरी. भिंतीवरची उन्हाची रेघ सरकत असायची अन् हे तिच्याकडे बघून सांगायचे, एक एक शब्द वेचून.

"झाडं. मोठी. पानं... ताटाएवढी."

"कोणती झाडं?"

"साग." कूलर घरघरतोय. "रस्ता... वळतो. खाली नाला. कोरडा. लाल माती." यांनी डावा हात उजव्या खांद्यावर नेला. "पिशवी. जड."

हा तर माझाच घाटातला रस्ता. हे उभ्या आयुष्यात कधी धारणीला गेले नव्हते.

निखतला सांगितलं तर ती म्हणाली, चित्रं पट्टीतून जात नाहीत, शक्यच नाही. पोटातली भावना जाते, अन् ती कशाची हे समजेना म्हणून मेंदू आपल्या पदरची चित्रं जोडतो. तुम्ही कधीतरी सांगितलेलंच असेल काकांना. असेल बाई. मी काय, तोंडाने चालूच असते. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती, अन् त्याच आठवड्यात एका दुपारी हे झोपेतच रडायला लागले. "गाडी थांबव," म्हणाले. "हसतात. सगळे. हसतात."

मी यांना हलवून जागं केलं नाही. मी तिथेच खाली बसले.

नोकरीतला पहिलाच उन्हाळा होता. तेव्हा मी शहाण्या माणसासारखी पाणी प्यायची. घाटात अगदीच राहवेना तेव्हा ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली अन् झाडीत गेले. परत आले तर गाडीत शांतता, सगळे माझ्याकडे बघतायत. मागून एक जण ओरडला, "बाई, आमचंही तिकीट फाडा ना उतरायचं!" अख्खी गाडी खदखदली. ड्रायव्हरसुद्धा. मी मान खाली घालून तिकिटं फाडत राहिले अन् त्या दिवसापासून पाणी सोडलं. तो माणूस आज भेटला तर थोबाडच रंगवीन त्याचं! तेव्हा मात्र मी काही बोलले नाही. घरी येऊन यांनाही नाही सांगितलं. सांगून काय करणार होते हे? अन् आता न सांगता ते यांच्या पोटात जाऊन बसलं होतं. माझी लाज यांचं पाणी तोडत होती.

निखतने घरी येऊन यांची नाडी बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली. ती वर उचललेली तशीच राहिली. "काकू, आता थांबता येणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत काका प्यायले नाहीत तर दवाखान्यात नाकातून नळी घालायची, पावसाळ्यापर्यंत."

नळी म्हणताच यांनी डोळे गच्च मिटले. पहिल्या झटक्याच्या वेळी यांनी ती उपटली होती म्हणून दवाखान्यात यांचा चांगला हात खाटेला बांधून ठेवला होता. त्या आठ दिवसांत हे इतके खंगले की घरी आणलं तेव्हा आरशात स्वतःला ओळखलं नाही. पुन्हा तसं झालं तर हे परत येणार नाहीत, हे मला माहीत होतं. निखतलाही माहीत होतं.

"पट्टीचा आवाज कमी-जास्त करणं माझ्या हातात आहे," ती दारात म्हणाली. "तुमची ड्युटी संपवणं माझ्या हातात नाही हो, काकू."

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून हट्टाला पेटले. कामाच्या मध्येच माठापाशी जाऊन ग्लास तोंडाला लावला. घोट आत जाईना. गिळला तर मळमळलं, अन् आतल्या खोलीत यांनी पाय आवळले. पाणी पिणं काय, मी बादलीभर प्यायले असते. पण हवंसं कसं वाटून घ्यायचं? मी स्वतःवर ओरडले, "रत्नमाले, संपली ना नोकरी! रिटायर झाली ना तू!" काही उपयोग नाही. भोंगा झाला, गाव मिटलं. मी ताट्या भिजवल्या, यांचं अंग पुसलं, गोळ्या काढल्या, पुन्हा ताट्या. संध्याकाळ जवळ येत होती अन् माझे हात अजूनच भरभर चालत होते.

यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला.

"काय हवं?"

यांनी मान हलवली. पदर सोडला नाही. ओढतच राहिले, मी खाटेशेजारी जमिनीवर टेकेपर्यंत. डोळे अर्धे मिटलेले, तेच मधल्या झोपेतले.

"गाडी," हे म्हणाले.

"हो. गाडी."

"थांबवली."

"कोणी?"

"मी." यांचा चेहरा शब्द शोधताना पाटी रंगवताना व्हायचा तसाच झाला होता. "जा तू. झाडीत. मी... दारात उभा. कोणी नाही... हसत."

हा माणूस धरल्याशिवाय उभा राहू शकत नव्हता. अन् तिकडे त्या लाल मातीच्या रस्त्यावर, गाडीच्या दारात, सगळ्या प्रवाशांकडे तोंड करून उभा होता. मला हुंदका आवरेना. इतकी वर्षं कोणीतरी एवढंच करायला हवं होतं. एवढंच.

"जाऊ?" मी विचारलं.

"जा. गाडी... नाही सुटत."

मी खरंच उठले, मोरीत जाऊन आले, तोंडावर पाणी मारलं अन् परत येऊन यांच्या खाटेला पाठ टेकून बसले. काही केलं नाही. ताटी सुकत चालली होती, मला दिसत होतं, पण उठले नाही. खोलीत ऊब वाढत गेली. उन्हाची रेघ भिंतीवरून छतापर्यंत गेली. यांची बोटं माझ्या केसांत होती. मला वाटतं मी जरा झोपलेही.

आधी जीभ जाड वाटली. मग घशात काहीतरी खरखरीत. मग छातीतून, पोटातून, अंगभरातून एकच गोष्ट वर आली, अन् तिच्यासोबत दुसरं कोणीच नव्हतं, ना कळ, ना लाज, ना धास्ती. अगं बाई, भोंग्याच्या आधी! मी वळून यांच्याकडे बघितलं. यांचे पाय सैल पडलेले होते. डोळे टक्क उघडे. स्टुलावरचा ग्लास यांनी माझ्याआधीच उचलला होता, डाव्या हाताने, थोडा सांडत.

एक घोट. दुसरा घोट. तिसरा. हनुवटीवरून ओघळ आला तरी थांबले नाहीत. अर्धा ग्लास झाला तेव्हा थांबले, अन् तो माझ्यापुढे धरला.

"तहान तुझी," हे म्हणाले. "तू पण."

मी ती खळ घटाघटा प्यायले. बाप्पा, काय बेचव! इतके महिने मी या माणसाला हे पाजत होते? तरी ग्लास चाटूनपुसून रिकामा केला, अन् तरीही घसा मागतच होता.

"अजून करू?" मी विचारलं.

"कर," हे म्हणाले. "दोघांना."